कॅमेऱ्याचं इरलं

पावसाळ्यात कॅमेरा घेऊन गडावर जायचं ठरवलं आहेस, तर बाळ, सॅक भरायच्या आधी थोडं ऐकून घे. यातलं निम्मं मला आमच्या जुन्या लीडरनी सांगितलं होतं. ते रीळवाल्या कॅमेऱ्याच्या काळातले. छत्तीस फोटोंचं रीळ संपलं की संपलं, म्हणून एकेक चौकट जपून टिपायचे आणि कॅमेरा त्याहून जपायचे. कॅमेरे पार बदलले, पण सह्याद्रीचा पाऊस, लाल धूळ, कातळ आणि हिमालयातली थंडी आहे तशीच आहे. म्हणून त्यांचे नियम अजून चालतात.

त्यांचा पहिला नियम असा, की डोंगरावर कॅमेरा एक तर हातात असावा, नाहीतर बंद पिशवीत. तिसरी जागा नाही. बहुतेक जण नेमका त्या तिसऱ्या जागी, गळ्यात लोंबता ठेवतात. सपाटीवर त्याने काही बिघडत नाही. पण हरिहरच्या कोरीव पायऱ्यांवर खोबण्यांत बोटं रोवून चढावं लागतं, छाती जवळजवळ कातळाला टेकते. तिथे गळ्यातला कॅमेरा तुझ्या आणि दगडाच्या मधे येतो. कळसूबाईच्या लोखंडी शिडीवर त्याचा पट्टा कठड्यात अडकतो. उतरताना पुढे वाकलीस की तो अंगापासून सुटून झोके घेतो, तुझा तोल आपल्याकडे ओढतो, आणि त्याच्यामुळे पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही. लेन्स फुटली तर पैशाने परत येईल. पाऊल चुकलं तर तसं नाही.

म्हणून जिथे हात लागणार तिथे कॅमेरा आत, आणि जिथे दोन्ही पाय सपाट टेकले तिथे बाहेर. ही काढ-घाल दिवसभर करावी लागते. तिचा कंटाळा येतो आणि कंटाळा आला की तो पुन्हा गळ्यात जातो. त्यासाठी पिशवी अशी निवड, की एका हाताने चेन उघडून कॅमेरा बाहेर काढता येईल. छातीवर बांधायचे पाऊच मिळतात. चढताना ते सोयीचे, पण घसाऱ्यावरून उतरताना पायाखालचं झाकतात. मला सॅकच्या कमरपट्ट्याला डाव्या कुशीला अडकवलेला पाऊच जास्त आवडतो. तो पायांच्या आड येत नाही आणि सॅक न उतरवता कॅमेरा हाती येतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सकाळी सूर्य पाठीशी असला आणि खाली दरीत धुकं दाटलं, तर कधी कधी इंद्रवज्र दिसतं. सप्तरंगी वर्तुळ आणि त्यात आपलीच सावली. ते फार वेळ थांबत नाही. सॅकच्या तळातून कॅमेरा उपसेपर्यंत धुकं फाटलेलं असतं.

याच नियमाला जोडून दुसरा. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला असताना पाऊल टाकायचं नाही, एकही नाही. आधी जागा बघ, उभी राहा, पाय रोव, मग डोळा लाव. चौकटीत अजून थोडं बसवायला मागे सरायचं असेल तर कॅमेरा खाली घे, मागे वळून बघ, मग सर. कोकणकड्यासारख्या बाहेर झुकलेल्या कड्यावर तर पोटावर पडूनच खाली बघायचं, आणि तेव्हा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन. शेवाळावर पाय सरकलाच तर कॅमेरा वाचवायला हात वर धरू नकोस. हात मोकळे सोड आणि सावर. पुष्कळ जण कॅमेऱ्यापायी मनगट किंवा कोपर मोडून घेतात. तो पट्ट्याला अडकलेला आहे, तेवढं पुरे.

आता सॅककडे वळू. कॅमेऱ्याची खास बॅग घेऊन डोंगरात जाऊ नकोस. तिला धड कमरपट्टा नसतो, सगळं वजन खांद्यावर येतं आणि तिच्यात जेवणखाण, पाणी, कपडे मावत नाहीत. आपली नेहमीची ट्रेकिंगची सॅक घे आणि तिच्यात कॅमेऱ्याचा गादीवाला कप्पा बसव. तो बाजारात सुटा मिळतो. नसेल तर जाड लोकरी स्वेटर आणि जुने पायमोजे त्याचं काम चांगलं करतात. तळाशी स्लीपिंग बॅग आणि कपडे. मधे, पाठीला लागून, कॅमेरा. वर खाणं आणि हाताशी लागणारं सामान. तळाशी कॅमेरा का नको, ते दुपारी कळतं. घसाऱ्यावर बसत बसत उतरताना सॅकचं बूड दगडाला घासत असतं. गुहेत पोचल्यावर दमलेला माणूस सॅक हळुवार ठेवत नाही, टाकतो. वरच्या टोपणातही नको, कारण टोपण उघडं राहिलं आणि तू वाकलीस की पहिलं तेच रिकामं होतं. पाठीलगत मधोमध ठेवलं की वजनही शरीराजवळ राहतं आणि चालताना सॅक मागे ओढत नाही.

पाणी कॅमेऱ्याच्या शेजारी कधीही ठेवू नकोस. नळीने पाणी प्यायच्या त्या पिशव्या पाठीलगतच्या कप्प्यात बसतात, म्हणजे नेमक्या कॅमेऱ्याला चिकटून. दाब आला की त्यांच्या तोंडाशी पाणी पाझरतं. कॅमेरा आत असेल त्या दिवशी बाटली बाहेरच्या खिशात बरी. लोणचं, चटणी, तेलकट डबा हे सगळंही वेगळ्या पिशवीत. आणि पाऊचमध्ये चिक्कीचा तुकडासुद्धा नको. गडावरच्या गुहांत आणि देवळांत उंदीर असतात. खाण्याच्या वासाने ते रात्रीतून पिशवी कुरतडतात.

पावसाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण सह्याद्रीत खरी परीक्षा तिथेच आहे. सॅकवर रेनकव्हर चढवलं की लोक निर्धास्त होतात. पण ते कव्हर सॅकची बाहेरची बाजू झाकतं, पाठीकडची बाजू उघडीच राहते. मानेवरून आणि खांद्याच्या पट्ट्यांवरून पाणी पाठीवर उतरतं, तिथून सॅकमध्ये मुरतं, आणि उरलेलं कव्हरच्याच तळाशी साठतं. म्हणून खरं संरक्षण आतून करायचं. जाड प्लास्टिकची मोठी पिशवी सॅकमध्ये अस्तरासारखी घाल आणि सगळं सामान तिच्यात भर. कॅमेऱ्याला त्याच्या आत स्वतःची ड्राय बॅग. तिचं तोंड नुसतं गुंडाळून उपयोग नाही. आतली हवा काढून, कडा सरळ जुळवून, कमीत कमी तीन घड्या घाल आणि मग बक्कल लाव. एका घडीवर भागवलं तर पाणी शिरतं. ओला कॅमेरा तसाच ड्राय बॅगमध्ये बंद करू नकोस. बाहेरचं पाणी आत येत नाही तसं आतलं बाहेर जात नाही. आधी सुती पंच्याने टिप, मग ठेव. असे दोन-तीन पंचे वेगळ्या कोरड्या पिशवीत असू देत. पावसाळी ट्रेकला जास्तीच्या लेन्सपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो.

पडत्या पावसात फोटो काढायचा असेल तर कॅमेऱ्याला इरलं कर. मावळातला शेतकरी लावणीला वाकतो तेव्हा इरलं त्याची पाठ झाकतं आणि हात मोकळे ठेवतं. अगदी तसंच. पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घे, एका कोपऱ्याला लेन्सच्या तोंडाएवढं भोक पाड, ती कॅमेऱ्यावर उलटी घाल आणि भोकाची कड लेन्सहूडभोवती रबरबँडने आवळ. खालची बाजू उघडी राहते, तिथून हात आत जातात. बटणं दिसतात, पडदा दिसतो. लेन्सहूड मात्र हवंच. ते थेंब अडवतं आणि दगडाचा पहिला मारही स्वतः खातं. फक्त एक लक्षात ठेव. नाणेघाटात किंवा कोकणकड्यावर पाऊस वरूनच येईल असं नाही. कोकणातून कड्यावर आदळलेला वारा वर उसळतो आणि धबधब्याचं पाणीसुद्धा उलटं उडवतो. तिथे इरल्याची उघडी बाजूच भिजते. अशा जागी कड्यापासून मागे, एखाद्या मोठ्या दगडाच्या आडोशाला जाऊन फोटो घे किंवा वाऱ्याची झड ओसरायची वाट बघ.

आणि ‘वेदर सील्ड’ या शब्दांवर फार भिस्त ठेवू नकोस. बॉडी सीलबंद असली तरी लेन्सही तशीच हवी, नाहीतर दोघांच्या जोडातून पाणी शिरतं. पुढे लांब होणारी झूम लेन्स आत-बाहेर होताना हवा ओढते, आणि हवेबरोबर दमट धुकंही. पावसात झूम कमीत कमी फिरव, आणि लांब करून भिजलेली नळी आत घेण्याआधी पुसून घे.

लेन्स किती न्यायच्या, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. एक बॉडी, एक झूम. चोवीस ते एकशेपाच मिलिमीटरसारखी मधली झूम दरी, तटबंदी आणि माणसं, सगळं सांभाळते. दोन लेन्स नेल्या की बदलाव्याशा वाटतात आणि उघड्या माथ्यावर लेन्स बदलणं म्हणजे धूळ आत बोलावणं. उन्हाळ्यात आपल्या वाटांवरची लाल माती पिठासारखी उडते. बदलायचीच झाली तर कॅमेरा बंद कर, वाऱ्याकडे पाठ कर, बॉडीचं तोंड खाली धर, नवी लेन्स आधीच मागचं झाकण सैल करून तयार ठेव. पावसात बदलू नकोस.

रॉक पॅच असला की वेगळी तयारी. अलंग-मदन-कुलंगसारख्या ठिकाणी सॅक दोराने वर ओढून घेतात. ओढताना ती कातळावर आपटत, गरगरत जाते. कॅमेरा त्या सॅकमध्ये असणार असेल तर पॅचच्या पायथ्याला, आडोशाला, लेन्स बॉडीपासून सोड आणि दोन्हीला झाकणं लावून वेगवेगळं गुंडाळ. जोडून ठेवलेल्या लेन्सला फटका बसला की सगळा ताण जोडाच्या कड्यावर येतो आणि तेच वाकतं. दोन्ही स्लीपिंग बॅगच्या घडीत, सॅकच्या अगदी मधे. सॅकचे लोंबते पट्टे सगळे आत खोच, नाहीतर ते कातळाच्या फटीत अडकतात. ट्रायपॉड सॅकच्या बाजूला, पाय खाली करून, दोन ठिकाणी घट्ट बांध. त्याचं डोकं सॅकच्या वर जाता कामा नये. नाळेत उतरताना किंवा कारवीच्या रानात तो फांद्यांत अडकतो आणि तुला मागे खेचतो. विजा चमकू लागल्या तर ट्रायपॉड आवरून माथ्यावरून खाली उतर. तेव्हा फोटोचा मोह नको.

पुसण्याचा क्रम पाठ कर. आधी रबरी फुगा दाबून हवेने धूळ उडव, मग मऊ ब्रश, आणि शेवटी मायक्रोफायबरचं कापड. शर्टाच्या टोकाने पुसलं की त्यातली रेती काचेवर फिरते. डास पळवायचं मलम लावलेल्या हातांनी तर कॅमेरा धरूच नकोस. त्यात डीट नावाचं रसायन असेल तर ते रबर आणि प्लास्टिक खातं. हात धू, मग धर. संध्याकाळी गुहेत चूल पेटली की पिशवी धुरापासून लांब ठेव. त्या धुरात काजळी असते आणि वाफही.

एसटीने जाताना सॅक वरच्या फळीवर किंवा सीटखाली टाकू नकोस. मांडीवर घे. ट्रॅक्सच्या टपावर तर कधीच नको. तासन्‌तास बसणाऱ्या हादऱ्यांनी लेन्समधले बारीक स्क्रू सैल होतात. मांडीवर घेतलं की ते हादरे तुझं शरीर झेलतं.

तू पुढेमागे हिमालयात जाणार, हे मला ठाऊक आहे. तिथे शत्रू बदलतो. पाण्याइतकीच थंडी त्रास देते. लिथियमच्या बॅटरीतली रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावते. सकाळी भरलेली बॅटरी शिखराजवळ रिकामी दाखवते. ती मेलेली नसते. काढून आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेव, थोड्या वेळाने ती पुन्हा चालते. म्हणून दोन जास्तीच्या बॅटऱ्या ने आणि आळीपाळीने वापर. एक कॅमेऱ्यात, बाकीच्या अंगालगत. रात्री सगळ्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोप. शून्याखालच्या तापमानात बॅटरी चार्ज करू नकोस, तिचं कायमचं नुकसान होतं. विमानाने जाणार असलीस तर सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेव. चेक-इनच्या सामानात त्यांना मनाई आहे. शंभर वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही, आणि नेहमीची वीस हजार एमएएचची पॉवर बँक साधारण चौऱ्याहत्तर वॅट-तासांची असते.

अंगाच्या उबेचा हा धडा जुना आहे. 29 मे 1953 ला एडमंड हिलरी आणि तेनझिंग नोर्गे एव्हरेस्टवर पोचले, तेव्हा हिलरींनी रंगीत रीळ घातलेला कॅमेरा शर्टाच्या आत ठेवला होता, तो गारठू नये म्हणून. तो कोडॅक रेटिना होता. माथ्यावर त्यांनी तो शर्टातून काढला आणि बर्फाची कुऱ्हाड उंचावलेल्या तेनझिंगचा फोटो घेतला. आमचे लीडर हे नेहमी सांगायचे. त्याच्याही आधी इटलीचे व्हित्तोरिओ सेल्ला 1899 मध्ये कांचनजंगाभोवती आणि 1909 मध्ये के-टूकडे गेले, ते काचेच्या मोठ्या प्लेटा घेऊन. त्या शाबूत याव्यात म्हणून त्यांनी जनावराच्या पाठीवरची खोगिरं आणि पाठीवरच्या पिशव्या स्वतः सुधारून घेतल्या. त्यांचे फोटो आजही गिर्यारोहक अभ्यासतात. मोठ्या छायाचित्रकाराने बांधाबांधीला किती डोकं लावलं, हे त्यातून शिकण्यासारखं आहे. हिमालयात सामान खेचरावर जातं, पण कॅमेरा त्या ओझ्यात देऊ नकोस. खेचर अरुंद वाटेवर कड्याला घासत चालतं. तो तुझ्या पाठीवरच असू दे.

मात्र बॅटरी उबेत आणि कॅमेरा थंडीत, हा भेद विसरू नकोस. रात्री कॅमेरा स्लीपिंग बॅगमध्ये घेतलास तर श्वासाची वाफ त्याच्यावर बसते आणि बाहेर काढताच गोठते. तो बंद पिशवीत, तंबूच्या कडेला राहू दे. गारठलेला कॅमेरा उबदार खोलीत आणायचा असेल तर आधी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद कर. मग दव पिशवीच्या बाहेरच्या अंगावर धरतं, कॅमेऱ्यावर नाही. दोन-तीन तासांनी, तो खोलीइतका कोमट झाला की उघड. लगेच फोटो बघायचे असतील तर बाहेर असतानाच कार्ड काढून घे. लेन्सवर बर्फाचे कण पडले तर ब्रशने झटक, तोंडाने फुंकर मारू नकोस. त्या वाफेचाच बर्फ होतो.

कॅमेऱ्यात पाणी गेलंच, तर तो चालतो का हे बघायला चालू करू नकोस. लगेच बंद कर, बॅटरी आणि कार्ड काढ, पुसून घे, तोंड खाली करून ठेव. घरी सिलिका जेल घातलेल्या डब्यात दोन दिवस बंद. तांदळात पुरू नकोस. तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याचं पीठ आत जातं. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवाही नको, ती पाणी आणखी आत ढकलते. सिलिका जेल नारिंगी रंगाचं घे. ते हिरवट पडलं की ओलीने भरलं असं समज आणि मंद आचेवर पुन्हा नारिंगी होईपर्यंत तापव.

ट्रेकहून परत आलीस की कितीही दमली असलीस तरी आंघोळीआधी सॅक उघड. कॅमेरा, लेन्स, पट्टा, गादीवाला कप्पा, सगळं बाहेर काढून पंख्याखाली ठेव. ओल्या कप्प्यात राहिलेल्या लेन्सला आपल्या हवेत बुरशी लागते. ती काचेवर जाळं धरते आणि तिच्यातून सुटणारं आम्ल काचेवरचा लेप खातं. पुसून ते परत येत नाही. साठ टक्क्यांच्या वरची आर्द्रता बुरशीला मानवते, म्हणून पावसाळाभर लेन्स कपाटातल्या चामडी पिशवीत ठेवू नकोस. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र, एवढ्याने भागतं. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राहू दे. पाऊस सरला की ऑक्टोबरात प्रत्येक लेन्स एका बाजूने टॉर्च मारून, दुसऱ्या बाजूने बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती इतर लेन्सपासून लगेच वेगळी काढ, घरी उघडू नकोस, आणि त्याच आठवड्यात दुरुस्तीला दे.